आदेश संस्थेला, उपदेश विद्यार्थ्याला



संयोजकांनी आम्हाला ‘विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य’ हा विषय दिला आहे. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला बोलावले असते तर त्यांनी लक्षणे सांगितली असती, उपचार सांगितले असते. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसे, शब्द तपासणे हाच आमचा धंदा. तेव्हा आज आपण एक मजकूर वाचू या, आणि तो दिल्लीहून निघून आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकापर्यंत पोचेतो त्याचे काय होते, तेही बघू या.

मजकूर आहे सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालातला. विशाखापट्टणम इथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता. तिच्या वडिलांच्या याचिकेवर निकाल देताना न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी १५ निर्देश दिले. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग, वसतिगृहे, सगळी त्यांत आली. या विषयावर कायदा होत नाही तोवर हे निर्देश बंधनकारक आहेत. त्याआधी चार महिने, २४ मार्च २०२५ रोजी, न्यायालयाच्या दुसऱ्या एका खंडपीठाने उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. न्यायालयाला एवढे हात घालावे लागले, कारण प्रश्नच तसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सरासरी पस्तीसहून जास्त.

आता मजकूर बघा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. परीक्षेच्या काळात लहान लहान गटांना मार्गदर्शक द्यावेत. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत मानहानी करू नये. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. परीक्षापद्धतीचा वेळोवेळी फेरविचार करावा. छळ किंवा भेदभावाची तक्रार गोपनीय ठेवून सोडवावी, आणि वेळेवर पावले उचलली नाहीत तर तो संस्थेचा दोष मानला जाईल.

शाळेत आपल्याला वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवतात. क्रियापदाला ‘कोणी?’ असे विचारायचे. इथे विचारून बघा. नेमावे कोणी? फेरविचार करावा कोणी? प्रशिक्षण घ्यावे कोणी? जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर येते: संस्थेने. विद्यार्थ्याने कणखर व्हावे, सकारात्मक राहावे, असे न्यायालय म्हणत नाही. आमच्या मते या मजकुराचे सगळ्यांत मोठे मोल हेच आहे.

आणि आता महाविद्यालयाचे परिपत्रक घ्या. अशी परिपत्रके आम्ही आजवर पुष्कळ वाचली आहेत. ‘तणावमुक्त जीवनशैली या विषयावर कार्यशाळा. सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य.’ ‘परीक्षेला सामोरे जाताना, प्रेरणादायी व्याख्यान.’ ‘प्राणायाम शिबिर, प्रमाणपत्र देण्यात येईल.’ पुन्हा तोच प्रश्न विचारा. सामोरे जावे कोणी? तणाव कमी करावा कोणी? इथे कर्ता बदललेला असतो. आदेश आला संस्थेला, संस्थेने तो उपदेश करून विद्यार्थ्याच्या गळ्यात घातला. मुद्दाम कट करून कोणी हे करत नाही. अंगवळणी पडलेले आहे, इतकेच.

याला थोडा दोष मूळ मजकुराकडेही जातो, तेही सांगितले पाहिजे. संस्थांनी दरवर्षी अहवाल पाठवावा असे त्यात आहे. अहवालात काय असावे? किती उपक्रम झाले, किती विद्यार्थ्यांना पुढे तज्ज्ञांकडे पाठवले, किती प्रशिक्षणे झाली. म्हणजे मोजायचे ते कार्यक्रम. आपल्याकडे जे मोजले जाते तेच केले जाते. ‘नॅक’ची समिती येणार म्हटल्यावर फायली कशा फुगतात, हे आपल्यापैकी प्राध्यापक मंडळींना सांगायला नको. दीपप्रज्वलनाचा फोटो काढता येतो. निकाल वेळेवर लागला म्हणून ज्या मुलाची झोप शाबूत राहिली, त्याचा फोटो कसा काढणार?

निकालाचे उदाहरण आम्ही सहज घेतलेले नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा असे म्हटले आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली. निकाल महिनोन्महिने रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात नोकरीचे पत्र हातात असलेल्या, परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या मनाची काय अवस्था असेल? त्यांना समुपदेशकाकडे पाठवून तो काय सांगणार होता? दीर्घ श्वास घ्या? त्या मुलांना औषध एकच होते, गुणपत्रिका.

आता जरा शब्दांकडे येऊ. ‘समुपदेशन’ हा शब्द आपण घडवला, आणि घडवताना त्याच्या पोटात ‘उपदेश’ ठेवून दिला. चांगला समुपदेशक उपदेश करत नाही, ऐकतो. पण शब्दाने आपल्या सवयीची चहाडी केली खरी. दुसरा शब्द ‘स्वास्थ्य’. ‘स्व’ आणि ‘स्थ’. स्वस्थ म्हणजे जो स्वतःच्या ठायी उभा आहे तो. पण उभे राहायला पायाखाली जागा लागते की नाही? वसतिगृहाच्या यादीत नाव नाही, शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरत आले तरी खात्यात जमा नाहीत, खाणावळवाल्याची उधारी चढलेली, आणि घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचे. या मुलाने स्वतःच्या ठायी उभे राहायचे म्हणजे नेमके कुठे?

आमच्या पिढीतले लोक म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हतं बुवा हे असलं काही. कोणाला डिप्रेशन येत नव्हतं.’ येत होते. त्याला नाव नव्हते, आणि जी मुले शिक्षण सोडून मुकाट्याने गावी परत गेली, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात झाली? मात्र त्या काळाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. या लोकांच्या तोंडी मनःस्वास्थ्य हा शब्द नव्हता. त्यांना प्रश्न पडत ते असे: पोरगा राहील कुठे, जेवेल काय, आणि पंगतीत कोणाशेजारी बसेल? तिसरा प्रश्न सगळ्यांत खोल आहे. आजच्या मोठमोठ्या संस्थांतही तो सुटलेला नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीचा २००७ चा अहवाल वाचावा. एखाद्या मुलाला मेसमध्ये एकटे बसावे लागत असेल, तर समुपदेशनाची गरज त्याच्याआधी त्या टेबलावरच्या इतरांना आहे.

मग सगळे दुःख परिस्थितीचेच, आजार असा नसतोच, असे आम्हाला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. नैराश्य हा खरा आजार आहे आणि औषधाने, उपचाराने तो बरा होतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हे मोठे अपयश आहे. तेव्हा ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणून आजारी मुलाला घरी बसवणे हा गुन्हाच समजावा. आमचे म्हणणे वेगळे आहे. काही दुःख आजार असते आणि काही दुःख प्रश्न असतो. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात असतात. आजाराला उपचार हवा, प्रश्नाला उत्तर हवे. प्रश्नाला आजार ठरवले की उत्तर देणाऱ्याची सुटका होते. आजाराला नुसता प्रश्न ठरवले तर माणूस हातचा जातो.

आपल्या परंपरेत याचे एक उदाहरण आहे. गीतेचा पहिला अध्याय ‘अर्जुनविषादयोग’. हात कापताहेत, तोंडाला कोरड पडली आहे, धनुष्य गळून पडते आहे. आजच्या भाषेत लक्षणांची यादीच. पण अर्जुन बोलू लागल्यापासून अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण त्याला एकदाही मध्ये तोडत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो खडसावतो, हिंमत धर म्हणतो. त्याने भागत नाही. अर्जुन आपला प्रश्न पुन्हा तसाच मांडतो. मग कुठे खरा संवाद सुरू होतो, आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. उत्तर कोणाला पटो न पटो, त्यावर आम्ही आज बोलत नाही. पण विषादाच्या तळाशी एक विचारण्याजोगा प्रश्न असू शकतो, आणि ‘हिंमत धर’ हे त्याचे उत्तर नव्हे, एवढे त्यातून घेता येते.

आता व्यवहारात येऊ. समजा, चार हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आहे आणि ‘निदान एक’ म्हणून एकच समुपदेशक नेमला आहे. वर्षाचे दोनशे दिवस, रोज पाच भेटी, म्हणजे हजार भेटी झाल्या. दहातला एक विद्यार्थी आला तरी चारशे जण, प्रत्येकाच्या वाट्याला अडीच भेटी. अडीच भेटींत माणूस आपले नाव-गाव सांगून जेमतेम मोकळा होऊ लागतो. निर्देशांत ‘योग्य प्रमाण’ ठेवावे असेही आहे, पण प्रमाणाचा आकडा नाही. जिथे आकडा आहे तिथे तो ‘निदान एक’ आहे, आणि संस्था नेमका तेवढाच वाचते. तोही पुष्कळदा तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी असेल की नाही ते त्यालाच ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न, हा समुपदेशक बांधील कोणाला? त्याची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून असेल, दाराशी नावनोंदणीची वही असेल, तर कोण आत जाईल? मुलांच्या मनात दोनच शंका असतात: ‘घरी कळेल का?’ आणि ‘सरांना कळेल का?’ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो हक्क ठळक अक्षरात त्या दारावर लावलेला कितीसा दिसतो? पीएच.डी. करणाऱ्यांचे तर आणखी अवघड. त्यांची प्रगती, पाठ्यवृत्ती, प्रबंध, सारे एका माणसाच्या सहीवर अडलेले. त्या सहीचाच जाच असेल, तर तक्रार त्याच विभागाच्या प्रमुखाकडे करायची का?

आणि एक वाट तर आपण बंदच करून टाकली आहे: परतीची. चुकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, जमत नाही, मला बाहेर पडायचे आहे, असे म्हणण्याची सोय असणे हा सुद्धा मनाला मोठा आधार असतो. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, सोडून जाणाऱ्याला नियमाप्रमाणे शुल्क परत करावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले. तरी दाखल्यासाठी हेलपाटे मारणारी मुले कार्यालयाच्या खिडकीशी दिसतातच. खिडकीपलीकडच्या कारकुनाला आपण मनःस्वास्थ्याच्या कामात धरतच नाही. खरे तर बहुतेक विद्यार्थ्यांची संस्थेशी गाठ पडते ती त्याच खिडकीवर. ‘उद्या या’ हे दोन शब्द किती जणांनी किती वेळा ऐकले, याची नोंद कुठल्या वार्षिक अहवालात येईल?

इथे पालक आहेत, शिक्षक आहेत, मागे काही विद्यार्थीही बसलेले दिसतात. आमचे सांगणे एवढेच, की आपापल्या महाविद्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा, आणि लेखी विचारा. न्यायालयाच्या निर्देशांनुसार केलेले धोरण आम्हाला वाचायला मिळेल का? समुपदेशकाच्या नोंदी कोण बघू शकतो? शेवटच्या परीक्षेचा निकाल किती दिवसांनी लागला? शिष्यवृत्ती रखडली म्हणून कोणाचे हॉलतिकीट किंवा दाखला अडवला आहे का? पहिले दोन प्रश्न मनःस्वास्थ्याचे आणि पुढचे दोन कारभाराचे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. चारही एकाच विषयाचे आहेत.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणाला किंवा तुमच्या खोलीतल्या मित्राला आजच कोणाशी बोलायची गरज असेल, तर संस्था सुधारायची वाट बघत बसू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. मित्र फार गप्प झाला असेल तर त्याला सरळ विचारा, ‘जीव नकोसा झालाय का?’ विचारल्याने तसला विचार मनात भरवला जातो, हा समज खोटा आहे. विचारल्यावर माणूस बोलतो. मग त्याला एकटे सोडू नका, मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे सोबत जा. आपल्याला उत्तर येत नसले तरी शेजारी बसता येते.

आम्ही इथे थांबतो. प्रश्नोत्तरांत विद्यार्थ्यांनी आधी विचारावे, आम्ही म्हातारी माणसे नंतर बोलू.