आनंदीबाईंचं कॉलेज

आनंदीबाई जोशींवर मराठीत जे हाती लागलं ते मी वाचलं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं १९१२ चं चरित्र वाचलं. श्री. ज. जोशींची १९६८ ची ‘आनंदी गोपाळ’ तर दोनदा. तिगावला आमच्या घरी ही कादंबरी जावा-नणंदांच्या हातून फिरून इतकी झिजली, की कव्हर पुन्हा चिकटवावं लागलं. दर वेळी चर्चा मात्र एकच: गोपाळराव चांगले की वाईट? शिकवलं म्हणून चांगले, मारलं म्हणून वाईट.

माझी तक्रार इथेच आहे. बाई शिकली कुठे, ते कॉलेज काढलं कुणी, हे कुणी विचारतच नाही. जणू नवऱ्याने बोटीत बसवलं आणि पलीकडे डिग्री ठेवलेलीच होती!

फिलाडेल्फियातलं ते कॉलेज १८५० मध्ये निघालं, फक्त बायकांना डॉक्टर करण्यासाठी. त्याच्या उभारणीत क्वेकर मंडळी पुढे होती. संस्था पंथाच्या मालकीची नव्हती, पण वळण त्यांचं होतं. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला लहानसा पंथ. युद्ध नको, साधं राहा, शपथ घेऊ नका, कारण खरं रोजच बोलायचं असतं. त्यांच्या जुन्या रीतीच्या प्रार्थनेत पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. वाचताना मला आपलं अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक आठवलं. अहिंसा, सत्य, अपरिग्रह, सगळं ओळखीचंच की! मनातून थोडी फुशारलेही.

पण त्या शांततेतून उठून बोलणारी बाईही असते, आणि ती सतराव्या शतकापासून बोलते आहे. धर्मसभेत जिचं ऐकायचं तिला शिकू द्यायला नाही कसं म्हणणार? ॲन प्रेस्टन अशाच शेतकरी क्वेकर घरातली. कॉलेजच्या पहिल्या तुकडीत ती शिकली आणि १८६६ मध्ये तिथलीच डीन झाली. १८६९ मध्ये तिच्या विद्यार्थिनी मोठ्या इस्पितळात रुग्णतपासणी बघायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे गोळे मारले. मुलींनी जाणं सोडलं नाही. आनंदीबाई १८८३ मध्ये पोचल्या तेव्हा वाट तुडवलेली होती, ती अशी.

आणखी एक. त्याआधी गोपाळरावांनी एका मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा ख्रिस्ती होण्याची गोष्ट निघाली होती. या कॉलेजने ती अट घातली नाही. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, शाकाहारी राहिल्या आणि प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. मला कादंबरीतल्या भांडणांपेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

क्वेकरांना डोक्यावर घ्यायला मी बसलेली नाही. त्यांचंच स्वार्थमोर कॉलेज १८६९ पासून मुलामुलींना एकत्र शिकवत होतं, पण काळ्या विद्यार्थ्यांना आत यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. हॅवरफर्ड १८३३ चं, तिथे पहिल्या वर्षापासून मुलींना प्रवेश मिळाला १९८० मध्ये. समतेची तत्त्वं भिंतीवर होती, दाराला कडी होती.

मग आपलं काय? श्वेतांबर परंपरा मल्लीनाथ तीर्थंकरांना स्त्री मानते. त्याच परंपरेत वर्षानुवर्षं दीक्षित असलेली साध्वी आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करते. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविकांच्या शिक्षणाला आयुष्य दिलं. त्यांची नावं आपल्या किती मुलींना ठाऊक आहेत?

आमच्याकडच्या मुली शिकायला नागपूरला जातात. त्यांच्या राहण्याची सोय करावी का, यासाठी एकदा समाजाची बैठक झाली. बायका मागच्या सतरंजीवर. क्वेकरांच्या सभेत म्हणे मतदानच नसतं, सगळ्यांचं ऐकून एकमत होईपर्यंत थांबतात. आमच्याकडे एकमत वीस मिनिटांत झालं: एवढ्यात नको, मुलींची जबाबदारी कोण घेणार? मुली तिथे बसलेल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, आणि घरी येऊन चांगली चिडचिड केली.

त्या कॉलेजात काढलेला १८८५ चा एक फोटो आहे. मधे कुणी नवरा नाही, तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. मी तो जाऊबाईंना दाखवला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “ह्या दोघींचं पुढे काय झालं गं? ह्यांच्यावर नाही का एखादं पुस्तक?”