मानेवरील हस्तोपचार : सेन्सर नेमके काय मोजतो?

मानेला हाताने झटका देऊन उपचार करताना होणारी हालचाल मोजण्यासाठी बहुधा कपाळावर आणि छातीवर एकेक सेन्सर बांधतात. त्यातून मिळतो तो धडाच्या संदर्भात डोक्याचा कोन. मानेत ७ मणके असतात. डोके बाजूला वळते त्यातील साधारण निम्मे वळण पहिल्या दोन मणक्यांमध्येच होते. म्हणून या कोनावरून ‘पाचवा मणका इतका फिरला’ असे सांगणे चूक आहे. बेरीज कळली म्हणून त्यातल्या संख्या कळत नाहीत.

दुसरा दोष वेळेचा. झटका साधारण १५० मिलिसेकंदांत संपतो. सेकंदाला ५० नोंदी घेतल्या तर त्यात जेमतेम ७-८ बिंदू येतात आणि कमाल वेग निसटू शकतो. वर जास्त गुळगुळीत करणारा फिल्टर लावला की झटका प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांची एक जोडी याच मणक्यांच्या छिद्रांतून जाते. त्यामुळे ही चूक किरकोळ नाही.

तरीही हे मापन टाकाऊ नाही. शिकाऊ उपचारकाचा हात दर वेळी सारखा चालतो का, हे त्यातून चांगले समजते. मात्र काय मोजले, कशाच्या संदर्भात आणि सेकंदाला किती नोंदी घेतल्या, हे अहवालात आधी लिहावे, निष्कर्ष त्यानंतर.