‘संध्याछाया’ आणि इच्छामरणाचा वाद

जयवंत दळवी यांचें ‘संध्याछाया’ हें नाटक १९७३ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत अरुणा शानभाग या परिचारिकेवर अमानुष अत्याचार झाला, आणि पुढें २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ती अंथरुणास खिळून राहिली. दोहोंचा परस्परांशीं कांहींच संबंध नाहीं. परंतु इच्छामरणाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून जो वाद चालतो त्यांत हीं दोन प्रकारचीं दुःखें एकाच तराजूंत घातलीं जातात, आणि तेथेंच विचाराची फसगत होते असें मला वाटतें.

पहिल्या दुःखाचा विचार न्यायालयानें केला आहे. ७ मार्च २०११ रोजीं शानभाग यांच्याकरितां केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयानें फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचाच तिला विरोध होता. मात्र असाध्य स्थितींत उपचार थांबविण्याची वाट त्या निकालानें मोकळी केली. ९ मार्च २०१८ च्या निर्णयानें तर अखेरच्या उपचारांविषयीं आगाऊ लेखी इच्छा नमूद करण्याचा अधिकार प्रत्येकास दिला. औषध देऊन प्राण घेणें मात्र आजहि निषिद्ध आहे. हा विवेक मला मान्य आहे. त्यावर अधिक लिहावयास नको.

नाटकाची गोष्ट निराळी. नाना-नानींना असाध्य रोग नाहीं. एक मुलगा अमेरिकेंत स्थायिक झालेला, दुसरा युद्धांत मारला गेलेला. अनोळखी माणसाशीं चार शब्द बोलावयास मिळाले तरी दिवस सार्थकीं लागला असें वाटावें, इतका त्यांचा एकान्त. तो रंगविण्यांत दळवींनीं प्रकट केलेलें सामर्थ्य असामान्य आहे. माझा आक्षेप शेवटाला आहे. दोघें मिळून शांतपणें मृत्यु पत्करतात आणि प्रेक्षक डोळे पुसून घरीं जातो. लेखकाला त्या जोडप्याची इतकी माया कीं मरणावरील भयाण छाया त्यानें काढून घेतली. परिणाम असा झाला कीं जें निराधारपण होतें तें प्रेक्षकास स्वेच्छा वाटूं लागतें. त्याचा सारा रोष परदेशांतील मुलावर ओढवतो. शेजारी, सोयरे, सरकार हीं सर्व मोकळीं सुटतात.

नाटकांतील ही वृत्ति पुढें प्रत्यक्षांतहि उतरली. गिरगांवांतील एका निपुत्रिक वृद्ध दांपत्यानें २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितली. गंभीर आजार कोणताच नव्हता. उद्यां परावलंबी होऊं ही भीति मात्र होती. हॉलंडमध्यें वैद्यकीय इच्छामरणाचा कायदा २००२ पासून आहे. जगणें पूर्ण झालें असें मानणाऱ्या वृद्धांसाठीं तो वाढवावा असा मनोदय तेथील सरकारनें २०१६ सालीं प्रकट केला होता. आपल्याकडे कोणी सावरकरांचें १९६६ चें आणि विनोबांचें १९८२ चें प्रायोपवेशन पुढें करतात. परंतु ते पुरुष कृतकार्य झाल्याच्या भावनेनें गेले, आणि भोंवतीं माणसें असतांना गेले. कोणी आपल्याला विसरलें म्हणून गेले नाहींत.

दळवी वाढले ते आमच्या वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीस. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्यें ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्यें ८,४९,६५१ वर आली. तरुण मुंबईस जातात. मालवण-देवगडकडील वाड्यांतून म्हातारीं माणसें घर राखून बसतात. (चतुर्थीस चाकरमानी आले म्हणजे याच माणसांना किती बोलावयाचें असतें तें पाहावें!) त्यांपैकीं कोणी ‘आतां पुरें झालें’ म्हणाला तर त्याला इच्छापत्र समजावयाचें, कीं हांक? कायद्यानें दिलेला अधिकार उपचार नाकारण्याचा आहे. माणसें न मिळाल्यामुळें उद्भवलेल्या इच्छेला तो लागू करणें म्हणजे आपली जबाबदारी त्या वृद्धाच्या सहीखालीं लपविणें होय.

नाटकाचा शेवट कोणी बदलावा असें मी म्हणत नाहीं. पुढें कोणी दिग्दर्शक तें बसवील, त्यानें शेवटच्या प्रवेशांत शेजारच्या बिऱ्हाडांतील जेवणाच्या भांड्यांचा आवाज तेवढा प्रेक्षकांस ऐकूं द्यावा.