वीरगळ आणि टायटसची कमान : शिल्पपट वाचताना

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उघडं पडतं, आणि तिथले वीरगळही. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा.

आता रोममधली टायटसची कमान बघा. हा सम्राट इ.स. ८१ मध्ये वारला. कमानीच्या आतल्या भिंतींवर विजयाची मिरवणूक आणि जेरुसलेमच्या मंदिरातली लूट. वर छतात गरुडावरून स्वर्गात निघालेला टायटस. खाली पराक्रम, वर स्वर्ग. साम्य लगेच दिसतं, पण तुलना इथेच थांबवली तर ती कच्ची. कमानीवर सम्राटाचं नाव ठळक कोरलंय, पण मेलेला रोमन सैनिक एकही नाही. वीरगळ उभाच राहतो मेलेल्यासाठी, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर त्याचं नावच नाही.

म्हणून दोन्हींना सरसकट 'युद्धाचा पुरावा' म्हणू नका. दोन्ही ठरलेल्या साच्यातली शिल्पं आहेत. साचा कुठे मोडलाय, ते शोधा. आणि फोटोसोबत दगडाची जागाही नोंदवा. जागेवरून हललेला वीरगळ अर्धा मुका होतो.