चर्चचे आवार आणि वाहनतळ : एका मापनपद्धतीची चिकित्सा

चर्चच्या आवारास वाहनतळ किती हवा, हे केवळ आसनसंख्येवरून ठरविणे सदोष होय. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांचा दाखला याबाबत उद्बोधक आहे. पाळी बदलताना येणारे कामगार जाणाऱ्यांच्या आधी पोचतात. त्यामुळे काही काळ दोन्ही पाळ्यांची वाहने एकत्र उभी राहतात. लागोपाठच्या उपासनांचेही तसेच आहे. समजा, प्रत्येक उपासनेस 300 वाहने आली, तर पुरेशा अंतराअभावी 600 जागा लागतील. अंतर वाढविल्यास निम्म्या पुरतील. सबब जागेबरोबर वेळापत्रकही मोजले पाहिजे.

जुन्या गोव्यात मात्र हाही निकष अपुरा पडतो. तेथील चर्चसमूह 1986 पासून जागतिक वारसास्थळ आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन साधारणतः दर दहा वर्षांनी घडते. गेले दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. अशा गर्दीसाठी वारसाभूमीवर कायमचा वाहनतळ उभारणे असमर्थनीय ठरेल. दूरचे तात्पुरते तळ व तेथून बससेवा हाच विवेकी मार्ग होय. शिवाय 3 डिसेंबरच्या फेस्तासाठी पायी येणारे यात्रेकरू वाहनगणनेत दिसतच नाहीत. जी पाहणी त्यांना वगळते, ती रस्ता मोजते. यात्रा मोजीत नाही.