यरीहोची भिंत आणि वेदीवरचा नकार

मोडलेले लग्न हा विनोदाचा विषय होऊ शकतो काय? आपल्या धर्मग्रामांतील कोणत्याही घरी हा प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. चर्चमध्ये तीन रविवारी घोषणा झाल्या आहेत, पत्रिका नातेवाइकांच्या घरी पोहोचल्या आहेत, हॉलचे आगाऊ पैसे भरले आहेत, आणि अशा वेळी मुलगी किंवा मुलगा ‘नको’ म्हणतो. त्या घरावर जी कळा पसरते, तिच्यात हसण्याजोगे काही नसते. तरीही फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाने नेमका हाच प्रसंग घेऊन १९३४ साली एक निखळ हसरा चित्रपट निर्माण केला. ‘इट हॅपन्ड वन नाईट’ हे त्याचे नाव. नव्वद वर्षे उलटली तरी तो शिळा झालेला नाही. विवाहाच्या संमतीविषयी त्याला जे सांगावयाचे आहे, ते कॅथलिक वाचकाने मुद्दाम ऐकावे असे आम्हांस वाटते.

प्रथम या चित्रपटाच्या जन्माविषयी. त्या काळी हॉलिवूडमध्ये कोलंबिया ही लहान कंपनी समजली जाई. चित्रपटाचा खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, चित्रीकरणाचा अवधी चारेक आठवड्यांचा. नायक क्लार्क गेबल हा मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या कंपनीकडून उसना आणलेला. नायिका क्लोडेट कोलबर्ट हिने दुप्पट मानधन आणि लवकर सुटका या अटींवर होकार दिलेला. सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांच्या एका मासिककथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनी पटकथा लिहिली. भव्य देखावे नाहीत. एक बस, पावसाळी रस्ते, गवताची गंजी आणि प्रवाशांसाठी उभारलेल्या साध्या खोल्या, एवढ्यावरच सारा संसार उभा आहे. या गरिबीतून निघालेल्या चित्रपटाने १९३५ च्या ऑस्कर सोहळ्यात चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही प्रमुख पारितोषिके मिळविली. असा मान मिळविणारा तो पहिलाच चित्रपट. काप्रा स्वतः १८९७ साली सिसिलीतील एका कॅथलिक कुटुंबात जन्मलेले आणि १९०३ साली आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेलेले. साध्या माणसांविषयीचा त्यांचा जिव्हाळा पुस्तकी नव्हता.

कथा थोडक्यात अशी. एली ही कोट्यधीशाची एकुलती लेक. वडिलांना न विचारता तिने किंग वेस्टली नावाच्या दिमाखदार वैमानिकाशी कायदेशीर लग्न उरकले आहे. पण सहजीवन सुरू होण्यापूर्वीच वडिलांनी तिला आपल्या नौकेवर आणून ठेवले आहे. ती पाण्यात उडी घेऊन निसटते आणि रात्रीच्या बसने न्यूयॉर्ककडे निघते. बसमध्ये तिला पीटर वॉर्न हा नुकतीच नोकरी गमावलेला वार्ताहर भेटतो. तो तिला पतीपर्यंत पोहोचविणार आणि मोबदल्यात तिची बातमी आपल्या वृत्तपत्राला देणार, असा सौदा ठरतो. वाटेत दोघे भांडतात, उपाशी राहतात, आणि नकळत एकमेकांचे होतात. मग एका गैरसमजाने ताटातूट होते. दुखावलेली एली घरी परतते. वडीलही आता नमते घेतात. वेस्टलीशीच तिचा थाटामाटाचा विवाहसोहळा ठरतो.

या प्रवासात एक रात्र अशी येते की, पैशाअभावी दोघांना एकाच खोलीत मुक्काम करावा लागतो. पीटर दोन खाटांमध्ये दोरी बांधतो, तिच्यावर घोंगडी टाकतो आणि तिला यरीहोची भिंत असे नाव देतो. यहोशवाकडे रणशिंग होते, आपल्याकडे नाही, तेव्हा ही भिंत सुरक्षित आहे, असे तो तिला गमतीने बजावतो. येथे जुन्या कराराच्या वाचकास हसू येते आणि तो थोडा थबकतोही. यहोशवाच्या ग्रंथातील सहाव्या अध्यायात यरीहोची तटबंदी धडका मारून पाडलेली नाही. सहा दिवस लोक निमूटपणे शहराभोवती फेरी घालतात. आज्ञा होईपर्यंत आवाज काढण्याची त्यांना मनाई असते. सातव्या दिवशी सात फेऱ्या, याजकांच्या रणशिंगांचा नाद, लोकांचा जयघोष, आणि मग भिंत कोसळते. वाट पाहणाऱ्यांच्या हाती शहर लागते. पटकथाकाराने हा अर्थ मनात धरला होता की नाही, याची चर्चा नको. चित्रपटाची घडण मात्र त्याच अर्थाने चालते. एली प्रेमाची कबुली देते तेव्हाही पीटर भिंत ओलांडत नाही. मध्यरात्री तो उठून जातो, कारण रिकाम्या खिशाने तिला मागणी घालणे त्याला प्रशस्त वाटत नाही.

हा चित्रपट फेब्रुवारी १९३४ मध्ये झळकला. फादर डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी मार्टिन क्विग्ली यांच्यासह तयार केलेली नीतिसंहिता हॉलिवूडने १९३० साली स्वीकारली होती. पण तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली ती जुलै १९३४ पासून. म्हणजे काप्रा यांनी ही घोंगडी टांगली, तेव्हा त्यांच्या मानेवर कात्रीचा धाक पुढच्याइतका नव्हता. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रात चित्रपटांतील अनीतीविषयी चिंता व्यक्त केली आणि चांगल्या चित्रपटांचे सामर्थ्यही मान्य केले. मर्यादा पाळूनही रसिकाला खिळवून ठेवता येते, याचे उदाहरण त्यापूर्वीच पडद्यावर आलेले होते.

आता मुख्य प्रसंग. वेस्टली झोकात यंत्रविमानातून अवतरला आहे, पाहुणे जमले आहेत, विवाहाचे संगीत सुरू आहे. वडील लेकीचा हात धरून तिला वेदीकडे नेत आहेत आणि चालता चालता तिच्या कानात सांगत आहेत की, पीटरने बक्षिसाचे दहा हजार डॉलर नाकारले, प्रवासात झालेला एकोणचाळीस डॉलर साठ सेंटचा खर्च तेवढा मागितला, आणि त्याचे तुझ्यावर प्रेम आहे. मागच्या फाटकाशी मोटार उभी आहे. संमती विचारली जाते. एली नकारार्थी मान हलविते आणि लांबलचक ओढणी सावरीत हिरवळीवरून धावत सुटते.

वाचकांनी ध्यानात घ्यावे, वेस्टली कायद्याने तिचा पती आहेच. कागद आहे, सही आहे. मनाची संमती मात्र उरलेली नाही. ख्रिस्तसभेच्या कॅनन कायद्यातील १०५७ वे कलम सांगते की, विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि जगातील कोणतीही सत्ता त्या संमतीची जागा भरून काढू शकत नाही. बापाची प्रतिष्ठा नाही, हॉलची पावती नाही, पाहुण्यांची गर्दीही नाही. याच संहितेतील १०६२ वे कलम त्याहून आपल्या जवळचे आहे. विवाहाचे वचन दिले म्हणून विवाह लावून द्या, अशी मागणी कोणास करता येत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई मात्र मागता येते. साखरपुडा हे वचन आहे, बेडी नव्हे, असा याचा सरळ अर्थ. आणि वचन मोडणाऱ्याने दुसऱ्याची हानी भरून द्यावी, हा न्यायही त्याच कलमात आहे.

येथेच चित्रपटाचा उणेपणा दिसतो. वेस्टलीला लाख डॉलर देऊन वाटेला लावले जाते आणि प्रेक्षक हसतो, कारण तो माणूस पोकळ म्हणूनच रंगविला आहे. नाकारला गेलेला माणूस सज्जन असता तर? त्याच्या अपमानाची भरपाई कोणत्या धनादेशाने झाली असती? काप्रा हा प्रश्न टाळतात. एलीला धाकात ठेवावयास रोज एक फटका हवा, असल्या पीटरच्या बढाया आज कानांना टोचतात. आणि काही दिवसांच्या सहवासावर आयुष्याचा निर्णय घेणारी हीच मुलगी वेस्टलीच्या बाबतीतही अशीच घाई करून बसली होती, याकडेही कथा डोळेझाक करते. १९९१ साली महेश भट्ट यांनी ‘दिल है के मानता नहीं’ हा याच कथेचा हिंदी अवतार काढला. त्यात नायिकेचे आधीचे लग्न गाळून केवळ प्रेमप्रकरण ठेवले. गोष्ट सोपी झाली. पण कागद आणि संमती यांमधला तणाव त्यात राहिला नाही.

मूळ चित्रपटाचा शेवट मात्र चोख आहे. पहिले लग्न रद्दबातल ठरल्याची तार येईपर्यंत दोघे थांबतात. मग खोलीच्या मालकिणीला नवल वाटते, की या नवविवाहितांनी दोरी, घोंगडी आणि खेळण्यातले रणशिंग कशाला मागविले असेल! आतून शिंगाचा आवाज येतो, घोंगडी जमिनीवर पडते, दिवा मालवतो. प्रेक्षक हसत उठतो. पण विवाहबंधन वाऱ्यावर सोडलेले नाही, हेही त्याच्या लक्षात राहते. अमेरिकन न्यायालयाचा निवाडा आणि ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाचा निवाडा या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. थांबण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच शोभते.

आम्हांस या चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो तो बाप. आरंभी हाच बाप लेकीला नौकेवर डांबतो, तिच्यावर हात उगारतो. अखेरीस तोच तिचा हात धरून वेदीकडे नेताना परतीची वाट उघडी ठेवतो. खर्च त्याचा, पाहुणे त्याचे, उद्याच्या वृत्तपत्रांतील नाचक्कीही त्याचीच. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ मध्ये खंत व्यक्त केली आहे की, आमंत्रणे, पोशाख आणि मेजवानीच्या धावपळीत वधूवर थकून जातात आणि विवाहाची खरी तयारी राहून जाते. त्या धावपळीत एखादी मुलगी गप्प गप्प दिसली, तर ‘बाई, तुझ्या मनात काय आहे?’ एवढे तिच्या बापाने विचारावे. उत्तर ‘नको’ असे आले, तर शेजाऱ्यांनी कुजबुज आवरावी, आणि दुसऱ्या घरच्या दुखावलेल्या मुलाकडेही कोणीतरी जाऊन बसावे. मोडलेल्या साखरपुड्याचे दुःख खरे असते. पण संमतीवाचून लागलेल्या लग्नाचे दुःख दोन आयुष्ये आणि मुलाबाळांनाही पुरून उरते.

एकशे पाच मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा. विवाह ठरलेल्या मुलामुलींनी तर अवश्य पाहावा, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांच्या शेजारी बसून.