आजोबांची वही, नातवाची प्रत

फ्लेमिश लेखक स्टेफान हर्टमान्स यांच्या आजोबांनी मरण्याआधी नातवाच्या हाती स्वतःच्या हस्ताक्षरातल्या वह्या ठेवल्या. ते साल १९८१. नातवाने त्या जपल्या, पण जवळपास तीस वर्षं उघडल्या नाहीत. अखेर वाचल्या, तेव्हा त्यांतून जे पुस्तक झालं ते २०१३ साली डच भाषेत आलं आणि डेव्हिड मॅके यांच्या अनुवादातून २०१६ साली ‘वॉर अँड टर्पेंटाइन’ या नावाने इंग्रजीत पोचलं. पहिल्या महायुद्धावरची कादंबरी अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती ओळख अपुरी आहे. लढाई हा या पुस्तकाचा मधला भाग. उरलेलं पुस्तक आहे ते त्या सैनिकाच्या घडणीचं आणि लढाईनंतर त्याच्या वाट्याला आलेल्या सहा दशकांचं. या दशकांत तो नेमाने प्रार्थना करतो, काळी हॅट आणि बो घालून नीटनेटका फिरायला निघतो, आणि जुन्या चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या प्रती काढत बसतो. त्याचं नाव उर्बेन मार्टीन. जन्म १८९१, गाव गेंट.

प्रती काढणं हा शब्दप्रयोग इथे महत्त्वाचा आहे. उर्बेन मार्टीन थोर चित्रकार नव्हते, आणि नातू त्यांना थोर ठरवायला निघालेला नाही. प्रत काढणाऱ्या माणसाच्या हातून मूळ चित्रात नसलेलं काय उमटतं, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. तो लक्षात आला की एरवी विस्कळीत वाटणारी तीन भागांची रचना आपोआप जुळते.

पहिल्या भागात नातू बोलतो. आजोबांच्या राहणीतल्या बारकाव्यांपासून तो त्यांच्या बालपणापर्यंत मागे जातो. वडील फ्रान्सिस्कस चर्चच्या भिंतींवर चित्रं रंगवणारे, दम्याने पोखरलेले, कायम पैशाच्या ओढगस्तीत. आई सेलीन मानी आणि कणखर. पोरवयातच उर्बेन ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाच्या उकळत्या रसाजवळ उभा राहतो. मेलेल्या जनावरांच्या अवशेषांपासून जिलेटिन काढणाऱ्या कारखान्यात तो सडत पडलेल्या मुंडक्यांचा ढीग पाहतो, ते वर्णन वाचताना पोटात ढवळतं. गंमत अशी, की चित्र काढण्याची पहिली ऊर्मी त्या मुलाला याच किळसवाण्या दृश्यानंतर येते. चर्चच्या भिंतीवरच्या देवदूतांनी जे केलं नाही ते त्या ढिगाने केलं. हर्टमान्स यावर भाष्य करत नाहीत, नुसते प्रसंग शेजारी मांडतात. त्यांच्या लेखणीचं बळ या मांडणीत आहे.

दुसऱ्या भागात नातू बाजूला होतो आणि आजोबा ‘मी’ म्हणून बोलू लागतात. मजकुरात अधूनमधून पेरलेली छायाचित्रं, संग्रहालयांच्या फेऱ्या, लेखकाचं स्वगत हे सगळं थांबतं. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये शिरल्या. तिथून माघार, पुन्हा माघार, आणि शेवटी इझेर नदीचा काठ. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूपोर्टचे पाण्याचे दरवाजे भरतीच्या वेळी उघडून बेल्जियन सैन्याने आपलीच सपाट जमीन बुडवली. त्या पाण्यापलीकडे जर्मन अडले, अलीकडे रेल्वेच्या बांधाआड बेल्जियन चिखलात रुतले, आणि हे चार वर्षं चाललं. सैनिक बहुतेक फ्लेमिश, अधिकारी आणि त्यांचे हुकूम फ्रेंच. शत्रूची गोळी आणि आपल्याच साहेबाची तुच्छता ही दोन्ही सोसत लढणारा हा शिपाई वारंवार जखमी होतो आणि बरा होऊन परत मोर्चावर जातो. शौर्य तो मिरवत नाही. लष्करी शाळेत शिकलेली शिस्त आणि शत्रूशी वागण्याची जुनी रीत त्या चिखलात निरुपयोगी ठरली, याचं दुःख त्याला जखमांपेक्षा जास्त आहे.

याच भागात लिव्हरपूलचा प्रसंग येतो. बरा होण्यासाठी इंग्लंडला पाठवलेला उर्बेन तिथे एक भित्तिचित्र शोधत जातो. त्याच्या लहानपणी वडील घर सोडून लिव्हरपूलला चित्रं रंगवायला गेले होते. ते चित्र सापडतं, आणि त्यातल्या चेहऱ्यांत मुलाला आपलं घर दिसतं. परक्या गावात, परक्या भिंतीवर, धर्माच्या चित्रात बापाने चोरून आपली माणसं ठेवलेली. ही युक्ती मुलगा विसरला नाही. तिचा अर्थ मात्र वाचकाला तिसऱ्या भागात लागतो.

युद्ध संपल्यावर उर्बेनचं मारिया एमेलियावर प्रेम जडतं. १९१९ साली ती स्पॅनिश फ्लूच्या साथीत जाते. पुढे तो तिच्या थोरल्या बहिणीशी, गाब्रिएलशी लग्न करतो. संसार निष्ठेने होतो, बोभाटा कुठेच नाही. आजोबांच्या मृत्यूनंतर नातू त्यांनी केलेली ‘रोकबी व्हीनस’ची प्रत निरखतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या मूळ चित्रात व्हेलास्केसने व्हीनस पाठमोरी दाखवली आहे आणि समोरच्या आरशातला तिचा चेहरा मुद्दाम पुसट ठेवला आहे. तो कुणाचाही असू शकतो. आजोबांनी बाकी चित्र इमानाने उतरवलं, आणि आरशात मारिया एमेलियाचा चेहरा काढला.

पुस्तकातला हा सगळ्यात मोठा क्षण, आणि हर्टमान्स तो आवाज न चढवता सांगतात. भाविक, संकोची, बायकोशी इमान राखणाऱ्या माणसाने आपलं न मिटलेलं प्रेम ठेवायला जागा निवडली ती दुसऱ्याच्या चित्रातली. व्हेलास्केसने जिथे मोकळी जागा सोडली होती, नेमकी तिथे. लिव्हरपूलच्या भिंतीवर बापाने केलेलं तेच मुलाने कॅनव्हासवर केलं. आता दुसऱ्या भागाकडे पुन्हा पाहावं. आजोबांच्या वह्या नातवाने जशाच्या तशा छापलेल्या नाहीत, त्या आपल्या हाताने पुन्हा लिहिल्या आहेत. म्हणजे त्यानेही प्रतच काढली, आणि तिच्यात आपला चेहरा ठेवला.

दोष आहेतच. दुसऱ्या भागातलं गद्य कधीकधी शिपायाच्या मानाने फारच घोटीव होतं, त्यातला कवी नातू लपत नाही. तिसऱ्या भागात चित्रांवरचं चिंतन दोन-तीन ठिकाणी लांबतं. पण नातवाच्या आवाजात एक जुनी बोचणी आहे आणि तीच पुस्तकाला कोरडं होऊ देत नाही. बाराव्या वाढदिवसाला आजोबांनी त्याला पणजोबांचं सोन्याचं खिशातलं घड्याळ दिलं होतं, आणि ते त्याच्या हातून फरशीवर पडून फुटलं. वह्या न उघडण्यामागे ही भीती असावी, असं माझं वाचन आहे: पुन्हा काही हातून निसटू नये.

मराठी वाचकाला हे पुस्तक जवळचं वाटायला कारण आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याच फ्लँडर्समध्ये, ईप्रच्या आघाडीवर, हिंदी पलटणी उतरल्या होत्या. तिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर हिंदी नावंही कोरलेली आहेत. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. पण त्या वेळच्या आपल्या बहुतेक जवानांना लिहिता येत नव्हतं. पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. त्यांच्या नातवांना मेडल मिळालं, वही मिळाली नाही.

आजोबांवरचं आपलं बरंचसं लेखन श्रद्धांजलीपाशी थांबतं, कारण मूळ प्रतिमेला हात लावायला लिहिणारा बिचकतो. हर्टमान्स हात लावतात आणि तरीही आजोबांशी इमान राखतात. आपल्या फौजी आजोबांवर लिहू पाहणाऱ्याने हे पुस्तक वाचावं, आणि त्याचा तिसरा भाग दोनदा वाचावा.